सहाव्या मजल्यावरचें परसूं

मांजर हें स्वभावतःच स्वच्छताप्रिय जनावर आहे, असें आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलों आहों. आणि तरीहि ज्या घरांत तें बंद दाराआड वाढतें, तेथील गृहिणीस विचारलें तर ती बहुधा कपाळास हात लावील. ही विसंगति कोठून उत्पन्न होते, याचा शोध घेण्याचा प्रसंग आमच्या कुटुंबावर आला. त्यांतून जें हातीं लागलें तें इतरांच्या उपयोगीं पडेल, या समजुतीनें हे चार शब्द लिहीत आहें.

वाडा होता तोंवर हा प्रश्नच नव्हता. मागील दारीं परसूं होतें. केळीच्या बुंध्याशीं भुसभुशीत माती होती. मांजर आपल्या वेळेस परसाकडे जाई, माती उकरी, वर माती लोटी आणि निमूटपणें चुलीजवळ येऊन बसे. आज आम्ही लहानमोठीं नऊ माणसें पुण्यांत सहाव्या मजल्यावर, दोन बिऱ्हाडें एकत्र करून राहतों. मांजरें दोन: मनी आणि तिचा थोराड मुलगा सोन्या. खालीं मोटारींची अखंड वर्दळ. म्हणून त्यांना बाहेर सोडीत नाहीं. परसूं गेलें, परसाकडे जाण्याची गरज मात्र राहिली! तिच्यापायीं घरांत मातीनें भरलेली एक प्लॅस्टिकची पेटी आली आणि पेटीमागून कलह आला.

सोन्या उकरूं लागला कीं माती दोन हात दूर उडे. तो उभ्यानेंच मूत्र करी व धार कांठावरून फरशीवर जाई. पंज्यांना चिकटलेले कण बोळांतून थेट देवघराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोंचत. सासूबाईंचें सोवळें कडक. एके सकाळीं पूजेच्या पाटाखालीं ते कण सांपडले, तेव्हां त्या मला शांतपणें म्हणाल्या, "मुक्या जनावरावर माझा राग नाहीं, बाई. पण देवापाशीं हें चालायचें नाहीं. येत्या अमावास्येपर्यंत सोय झाली तर ठीक, नाहीं तर त्याला गांवीं धाडा." त्यांतच धाकट्या जाऊला दिवस गेलेले, मांजराच्या विष्ठेपासून जपण्याचा इशारा डॉक्टरीणबाईंनीं तिला दिलेला. मुलांनीं तर रडून घर डोक्यावर घेतलें. घरांतच वाढलेल्या जनावराला गांवीं धाडणें म्हणजे कुत्र्यांच्या तोंडीं देणें, हें सासूबाईहि जाणून होत्या.

सोन्याला ही वाईट खोडच आहे, असें घरांतील बहुमत पडलें. पशुवैद्यांनीं मात्र निराळाच विचार केला. प्रथम त्यांनीं दुखणें नाहीं याची खात्री केली. बोका वरचेवर पेटींत जाऊन कुंथत असेल आणि मूत्र होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असूं शकतो; तें एकदोन दिवसांत जिवावर बेततें, म्हणून तत्काळ दवाखाना गांठावा. सोन्याला तसें कांहीं नव्हतें. मग त्यांनीं विचारलें, "पेटी किती इंच लांब आहे?"

पेटी १६ इंच भरली आणि सोन्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत २० इंच! पुढचे पाय पेटींत ठेवून तो उभा राही आणि मागला भाग कांठावर येई. पेटीची लांबी मांजराच्या दीडपट असावी, असा सामान्य नियम आहे. म्हणजे सोन्याला ३० इंच हवी. घरच्या मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील कोरड्या प्रदेशांतलीं रानमांजरें होत. पाणी थोडें, म्हणून मूत्र दाट व उग्र. आणि विष्ठा मोकळ्या मातींत पुरून टाकण्याची उपजत ओढ. तीच ओढ सोन्याला कोंदट पेटींत उकरावयास लावीत होती.

दुकानांत अशा मोठ्या पेट्या महाग मिळतात. आम्ही गोधड्या ठेवण्याची प्लॅस्टिकची पेटी घेतली: लांबी ३० इंच, रुंदी २०, उंची १५. एका आंखूड बाजूस ५ इंचांवर कापून प्रवेशद्वार केलें व कड काचकागदानें घांसून बोथट केली. मनी वयस्क, तिला उंच उडी मारवत नाहीं, म्हणून द्वार ठेंगणें हवें. बाकीच्या तीन भिंती उंच राहिल्यामुळें उकरलेली माती व मूत्र आंतच राहूं लागलें. झांकण मुद्दाम लाविलें नाहीं, कारण त्यानें आंतली दुर्गंधि कोंडते आणि दुसरें मांजर वाटेंत दबा धरून बसलें तर आंतल्याची कोंडी होते. जितकीं मांजरें त्याहून एक पेटी अधिक, असा पशुवैद्यांचा दंडक. म्हणून तीन पेट्या केल्या. एक जाळी लाविलेल्या मागच्या गॅलरींत, दुसरी न्हाणीघरांत, तिसरी बोळाच्या टोकाशीं. अन्न आणि देवघर या दोहोंपासून दूर.

आंत घालावयाच्या मातीची कथा मनोरंजक आहे. अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत पूर्वीं लोक मांजरांसाठीं वाळू किंवा राख वापरीत. १९४७ सालीं एडवर्ड लो या तरुणाकडे एक शेजारीण वाळू मागावयास आली. राखेनें तिच्या घरभर मांजराचीं पावलें उमटत. लो यानें मुलतानी मातीच्या जातीची, दाणेदार व पाणी शोषणारी माती तिला दिली, आणि त्यांतून एक मोठा धंदा उभा राहिला. हल्लीं बहुधा बेंटोनाइट नांवाची, मूत्र पडतांच गोळा होणारी माती वापरतात. ती २ ते ३ इंच जाडीची असावी. बारीक व बिनवासाची माती बहुतेक मांजरांना रुचते. अत्तराचा वास आपल्याला सुखवितो, त्यांना नव्हे. बारीक कण पंज्यांना चिकटतात, यावर आम्ही तोड काढली. द्वार भिंतीकडे फिरविलें आणि बाहेरच्या वाटेवर काथ्याचीं दोन लांब पायपुसणीं घातलीं. चार पावलें काथ्यावरून चालतांना कण तेथेंच गळतात.

सकाळ-संध्याकाळ जाळीच्या झाऱ्यानें गोळे काढावेत. टॉक्सोप्लाझ्मा हा परोपजीवी कांहीं मांजरांच्या विष्ठेंत असतो. पण बाहेर पडल्यावर बाधक होण्यास त्याला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून रोजची सफाई हेंच मोठें संरक्षण. तरीहि गर्भवतीनें त्या कामास हात लावूं नये. आमच्याकडे तें भावोजींनीं उचललें. गोळे शौचकूपांत टाकूं नयेत, माती फुगून नळ तुंबतो. कागदांत गुंडाळून कचऱ्यांत द्यावेत. पेटी गरम पाणी व साबणानेंच धुवावी. फिनेल कदापि नको! तसलीं द्रव्यें मांजराच्या यकृताला पचवितां येत नाहींत, आणि पंजे चाटतांना तीं पोटांत जातात.

अमावास्या आली. सासूबाईंनीं पाट स्वतः उचलून पाहिला, उंबऱ्यावरून बोट फिरविलें, आणि कांहीं न बोलतां पूजेस बसल्या. दुपारीं धाकट्या जाऊला म्हणाल्या, "षष्ठीचें वाहन मांजरच कीं गं. तुझ्या बाळाची षष्ठी पुजतांना सोन्या घरांतच असूं दे." मुलांनीं ही वार्ता घरभर केली.

पूर्वीं जें परसूं जमीन देत असे, तें आतां आपल्याला मोजून मापून द्यावें लागतें, एवढाच काय तो फरक. ज्यांच्या घरीं असा कलह चालू असेल त्यांनीं मांजराला दोष देण्यापूर्वीं एकदां टेप घेऊन मांजर आणि पेटी दोन्ही मोजून पाहावीं.