दोन्हींवर बसून बघितलंस का?

तुम्ही कधी स्वतः न चाखलेल्या पदार्थाची कृती लिहिली आहे का? मी लिहिली आहे. फक्त पदार्थाच्या जागी चार चाकांची गाडी होती.

मी वेबसाइटना मजकूर लिहून देते. सकाळी केसांचं तेल, दुपारी गृहकर्ज, रात्री जे येईल ते. दोन वर्षांपूर्वी एक विषय आला: रानवाटांवर फिरायला स्पोर्ट क्वाड घ्यावं की युटिलिटी क्वाड? क्वाड म्हणजे एटीव्ही. नागावच्या किनाऱ्यावर किंवा पाचगणीला भाड्याने मिळते ना, मोटरसायकलसारखं हँडल आणि चार फुगीर टायर असलेली, तीच. झाशीच्या मानिक चौकातल्या आमच्या जुन्या घरात, दुसऱ्या मजल्यावर बसून मी त्यावर बाराशे शब्द लिहिले. आमची गल्ली इतकी अरुंद की ई-रिक्षावालासुद्धा आत यायला कुरकुरतो. क्वाड मी फक्त फोटोत पाहिलं होतं. पैसे आले, विषय विसरले.

गेल्या गणपतीत चुलतभाऊ फोन नाचवत आला. "ताई, हे वाच. यात सगळं लिहिलंय. स्पोर्टच घ्यायचं!" वाचता वाचता माझे कान गरम झाले. माझाच लेख होता, कुणीतरी हिंदीत करून टाकलेला.

झालं होतं असं. काकांची शेती बरुआसागरच्या पुढे आहे. डांबरी रस्ता सोडला की शेतापर्यंत तीन किलोमीटर कच्ची वाट. वरच्या अंगाला लाल, खडकाळ राकड जमीन, ग्रॅनाइटचे गोटे वर आलेले. खाली उतरलं की काळी मार माती. बुंदेलखंडात मातीला अशी नावं आहेत, आणि पावसाळ्यात मार चाकाला धरते ती सोडत नाही. श्रावणात काकांची मोटरसायकल त्याच उतारावर घसरली आणि गळ्याखालचं हाड मोडलं. वय 61, गुडघे आधीच कुरकुरणारे. बाईक बंद, असं काकूंनी जाहीर केलं. मग वाटेवर जायचं कशाने? क्वाडची कल्पना भावाची. वय 19. त्याला दिल्लीकडचं एक जुनं स्पोर्ट क्वाड सापडलं होतं, चपटं, लाल, टोकदार. काकांना ते आवडलं नव्हतं असंही नाही.

तेव्हा आजी मध्ये पडली. आम्ही झाशीतले मराठी. आमच्या घरात कुठलाही वाद शेवटी राणीपाशी येतो. जुन्या शहरातल्या ज्या गणेश मंदिरात 1842 मध्ये राणीचं लग्न लागलं, तिथेच आम्ही आरतीला जातो, त्यामुळे ती आजीला नात्यातलीच वाटते. आजीने घोड्यांची गोष्ट काढली. एक व्यापारी दोन घोडे घेऊन आला. दोन्ही दिसायला सारखेच देखणे. राणी दोन्हींवर बसली, फेरी मारली, आणि एकाचे हजार रुपये सांगितले, दुसऱ्याचे पन्नास. दुसऱ्याला छातीत आतून इजा झालेली होती. इतिहासात हे किती पक्कं धरायचं ते तज्ज्ञांनी ठरवावं, झाशीत ते असंच सांगतात.

काकांनी झोळीत अडकवलेला हात सावरला आणि मला विचारलं, "हे तू लिहिलंस ना? दोन्हींवर बसून बघितलंस का?"

नाही म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दिवाळीत पुण्याला मामाकडे गेले, तेव्हा घाटावरच्या एका रिसॉर्टमध्ये दोन्ही प्रकार मिळतात असं कळलं. आधी स्पोर्टवर बसले. हलकं म्हणजे किती? यामाहाचं रॅप्टर 700 घ्या, इंजिन 686 सीसीचं आणि वजन 190 किलोच्या आसपास. मला मिळालेलं त्याहून लहान होतं, पण जात तीच. हाताने क्लच, पायाने गिअर, उजव्या अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल, ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. मागचा आस अखंड असतो, त्यामुळे दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि वळणावर गाडी सरळच जायला बघते. बाईक वळताना स्वतः झुकते. क्वाड झुकत नाही, तुम्हाला अंग आत टाकावं लागतं. मोकळ्या मैदानात मजा आली, खोटं कशाला सांगू. खड्डे गाडी अशी गिळत होती की हसू येत होतं.

मग एका वळणावर गाडी कलली आणि मी आयुष्यभर स्कूटीवर जे केलं तेच केलं: पाय खाली टेकवला.

स्पोर्ट क्वाडवर पाय ठेवायला बहुतेक वेळा नुसते दांडे असतात. पाय तिथून खाली गेला की बरोबर मागच्या चाकाच्या पुढ्यात येतो. माझ्या बुटाची टाच चाकाखाली सापडली. वेग कमी होता म्हणून घोट्यावर निभावलं. तीन आठवडे लंगडत होते. तिथल्या मुलाने हेल्मेट दिलं होतं, पण पायांबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. आणि मी कोणत्या तोंडाने बोलणार? माझ्याच लेखात वाक्य होतं: 'बाईक येत असेल तर स्पोर्ट क्वाड सहज जमतं.' उलट आहे. बाईक येते म्हणूनच पाय खाली जातो.

बर्फ लावून तासाभराने युटिलिटीवर बसले. अवजड, चौकोनी, पुढेमागे लोखंडी कॅरियर, म्हशीसारखी शांत. तिला क्लच नाही, गिअर बदलणं नाही; हाय, लो, न्यूट्रल, रिव्हर्स एवढंच. बटण दाबलं की चारही चाकांना ताकद. आणि पायाखाली रुंद पत्रा, दोन्ही बाजूंना. पाय खाली टेकवायची सवय असली तरी तो आधी पत्र्यावरच थांबतो. उतारावर लो टाकून अंगठा सैल सोडला, तर इंजिननेच गाडी धरून ठेवली, ब्रेकला हात लावावा लागला नाही. मला काकांचा तो उतार आठवला.

भावाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "पण पोलारिसचं स्पोर्ट्समन चालेल ना? त्यात स्पोर्ट आहेच!" हा गमतीचा घोळ आहे. नाव स्पोर्ट्समन, पण गाडी अस्सल युटिलिटी. तिचं 570 मॉडेल तर काही वर्षांपूर्वी भारतात ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येईल अशा रूपात आलं होतं, किंमत आठ लाखांच्या आसपास. एरवी क्वाड आपल्याकडे सहसा रस्त्यासाठी नोंदवलं जात नाही. म्हणजे मानिक चौकातून ऐटीत निघून महामार्गाने शेतावर जायचं, हे भावाचं स्वप्न बादच. गाडी शेतावरच ठेवायची. तसंही मी गल्लीच्या तोंडाशी टेप धरून पाहिली: युटिलिटीची रुंदी साधारण 122 सेंटिमीटर, त्यात नळाचं मीटर, चपलांचा रॅक आणि शेजारच्यांची कुंडी.

स्पोर्टवाल्यांवर अन्याय नको. मोकळी वाळू, आखलेला ट्रॅक, हेल्मेट-बूट घातलेला शिकलेला तरुण, आणि घरी कोणाचं सामान न्यायचं नाही, असं असेल तर तीच गाडी घ्या. खरं तर या गाड्या मजेसाठीच जन्मल्या. होंडाने 1970 मध्ये तीन चाकांची आणली, ती फार उलटायची. अमेरिकेत 1988 मध्ये तिची विक्री थांबली. तोवर 1982 च्या सुमारास सुझुकीने चार चाकांची काढली होती, 1985 मध्ये तिची शर्यतीची बहीणही आली. शेतकऱ्यांनी मात्र त्यातली ओझं वाहणारी उचलली. पण किनाऱ्यावर भाड्याची चालवणार असाल तर एक विनंती: कोकणात वेळाससारख्या ठिकाणी कासवं वाळूत अंडी घालतात, तिथे चाकं नकोत.

काकांनी शेवटी युटिलिटी घेतली, जुनीच, एका शेतघराच्या मालकाकडून. मग खरं भांडण सुरू झालं. सीट लांब होती. काकू म्हणाल्या, "मी मागे बसेन, डबा धरून." आपल्याकडे स्कूटरवर चौघं बसतात, त्यांचं काय चुकलं? पण ती लांब सीट दुसऱ्या माणसासाठी नसते. चढावर चालवणाऱ्याने पुढे सरकायचं, उतारावर मागे, त्यासाठी ती जागा. दुसरं माणूस बसलं की सरकायला जागाच उरत नाही, आणि चढावर गाडी पाठीवर उलटू शकते. दोघांसाठी लांब बांधणीची वेगळी क्वाड असतात, ही तशी नव्हती. काकू दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

शेजारच्या शेतातला बारा वर्षांचा मुलगा रोज चक्कर मागायचा. अमेरिकेत 90 सीसीवरचं क्वाड 16 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा सल्ला आहे. काका किल्ली आता बंडीच्या आतल्या खिशात ठेवतात. टायरची हवा मात्र भावाकडे. कारमध्ये तीसेक पीएसआय भरतो, इथे पाच-सहाच. पंपावरचा मुलगा हसला होता आणि पंधरा भरून मोकळा झाला होता. त्या दिवशी गाडी गोट्यांवरून चेंडूसारखी उडाली. आता भावाने कमी दाबाचा वेगळा काटा आणलाय. बाभळीचे काटे काढायचं कामही त्याचंच.

या आषाढात पहिल्या मोठ्या पावसानंतर मी काकांबरोबर वाटेच्या तोंडापर्यंत गेले. पुढच्या कॅरियरवर डबा, मागे खताचं अर्धं पोतं. पूर्ण पोतं उंच होतं आणि तिरक्या उतारावर गाडी ओढतं, हे ते स्वतःच शिकले होते. लो टाकलं, मागे सरकले आणि हळूहळू खाली उतरले. डावा पाय एकदा सवयीने हलला, पत्र्यावर आपटला. मी मोठ्याने ओरडले, "काका, पाय!" त्यांनी मागे न बघता हात वर केला. मग मीच ओरडले, "हात हँडलवर!"

मूळ लेख छापणाऱ्यांना मी दुरुस्ती पाठवली आहे. दोनदा. उत्तर नाही. लेख अजून आहे तिथेच आहे, हिंदीतही फिरतो आहे. तुमच्या घरात कोणी फोन नाचवत तो घेऊन आलं, तर 'बाईक येत असेल तर' असं सुरू होणारं वाक्य शोधा. ते माझं आहे, आणि चूक आहे.