वडिलांनी नाकारलेले आडनाव : इसामू नोगुची यांची १९३१ची जपानयात्रा

१/
सन १९३०. एक तरुण अमेरिकी शिल्पकार पॅरिसहून पूर्वेकडे निघण्याच्या तयारीत होता. अशा वेळी जपानहून त्याच्या वडिलांचे पत्र आले. जपानला येताना नोगुची हे आडनाव लावू नये, असा त्याचा आशय होता. इसामू नोगुची तरीही निघाले. त्या प्रवासाची ही हकिगत.

२/
वडील योने नोगुची हे इंग्रजीतून लिहिणारे जपानी कवी. आपल्याकडे ते रवींद्रनाथ ठाकुरांचे स्नेही म्हणून ठाऊक आहेत. पुढे १९३८ मध्ये चीनवरील जपानी आक्रमणावरून या दोघांत तीव्र पत्रवाद झाला. आई लिओनी गिल्मूर अमेरिकी लेखिका. योने यांच्या इंग्रजी लेखनावर त्या संस्कार करीत. १७ नोव्हेंबर १९०४ रोजी लॉस एंजेलिस येथे इसामूचा जन्म झाला, तेव्हा वडील जपानला परतले होते.

३/
१९०७ मध्ये आई मुलाला घेऊन जपानला गेली. योने यांचा संसार मात्र दुसरीकडे थाटला गेला. जपानी मुलांत हा मुलगा परदेशी ठरे. १९१८ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, आईने त्याला शिक्षणासाठी एकट्यालाच अमेरिकेला धाडले. तेथे तो सॅम गिल्मूर या नावाने वाढला. १९२४ च्या सुमारास शिल्पकलेकडे वळल्यावर त्याने आपण होऊन नोगुची हे आडनाव धारण केले. वडिलांचा आक्षेप होता तो याच आडनावाला.

४/
१९२७ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्तीसाठी अर्ज करताना त्यांनी पॅरिसनंतर भारत, चीन आणि जपान पाहण्याचा मानस कळवला होता. शिष्यवृत्ती मिळाली, पॅरिसमध्ये ब्रांकुसी यांच्या कार्यशाळेत काही महिने दगड घडवण्याचे शिक्षणही झाले. पूर्व मात्र राहून गेली. न्यूयॉर्कला परतून त्यांनी लोकांची मुखशिल्पे घडवली आणि त्या कमाईतून पुढच्या प्रवासाचा खर्च उभा केला.

५/
पत्र आल्यावर त्यांनी जपानऐवजी प्रथम पेकिंग गाठले, तेही सैबेरियातून जाणाऱ्या रेल्वेने. तेथे वयोवृद्ध चित्रकार ची बाइशी यांच्याकडे ते शाई आणि कुंचल्याचे काम शिकले. एका थोर कलावंताने परक्या मुलाला शिष्य म्हणून जवळ केले. सख्ख्या पित्याचे दार अजून बंदच होते.

६/
१९३१ च्या आरंभी ते जपानला पोहोचले. पितापुत्रांची भेट झाली, पण अवघडलेपण सरले नाही. टोकियोत आसरा दिला तो काकांनी, ताकागी यांनी. इसामूंनी काकांचा चेहरा मातीत घडवला. ‘अंकल ताकागी’ हे ते शिल्प. मुळांच्या शोधातले पहिले आप्त त्यांना असे लाभले.

७/
पुढे ते क्योतोला गेले आणि उनो जिनमात्सू या कुंभाराच्या आश्रयाने मातीत काम करू लागले. तेथील संग्रहालयात त्यांनी हानिवा पाहिल्या. जपानमधील प्राचीन राजे-सरदारांच्या समाधिटेकड्यांवर रोवलेल्या, भाजक्या मातीच्या या पोकळ आकृती साधारण तिसऱ्या ते सहाव्या शतकातील. साधी नळकांडी, त्यावर बेताचे नाकडोळे, तरीही जिवंत.

८/
‘द क्वीन’ हे १९३१ चे भाजक्या मातीचे शिल्प या दर्शनातून आले. आज ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे. वंशावळीत ज्याला जागा नव्हती, त्याला या अनाम कारागिरांच्या परंपरेत जागा मिळाली. तेथे आडनाव विचारले जात नव्हते. हात मातीशी कसा वागतो, एवढेच पाहिले जात होते.

९/
आडनावाचे मोल पुढेही द्यावे लागले. १९४२ मध्ये अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले. न्यूयॉर्कवासी नोगुचींना सक्ती नव्हती. तरी ते ॲरिझोनातील पोस्टन छावणीत स्वेच्छेने गेले. उलट १९५२ मध्ये हिरोशिमाच्या स्मारकासाठी त्यांनी केलेला आराखडा नाकारला गेला. ते अमेरिकी असणे हे त्यामागचे एक कारण मानले जाते. एका देशाला ते जपानी, दुसऱ्याला अमेरिकी.

१०/
१९४७ मध्ये योने वारले. १९४९ मध्ये इसामूंनी अर्जात लिहिलेला भारत पाहिला, येथील जंतरमंतरची छायाचित्रे घेतली आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा जपानला गेले. योने यांनी ज्या केइओ विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले, तेथे वास्तुविशारद योशिरो तानिगुची यांच्यासमवेत त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ एक दालन आणि त्याची बाग सिद्ध केली. आडनाव लावू नकोस, असे ज्यांनी कळवले होते, त्यांचे स्मारक त्याच आडनावाच्या मुलाने उभारले. क्षमा झाली की नाही, हे त्या दालनावरून सांगता येत नाही. मात्र हक्क मागायला गेलेल्या मुलाने वीस वर्षांनी पुत्राचे कर्तव्य बजावले, आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागितली नाही.