लेपावरचा लेप

संस्कृतांत 'योगक्षेम' असा एक सुटसुटीत शब्द आहे. जें आपणांजवळ नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें तें राखणें हा क्षेम. या शब्दाची फोड वर्गांत करून सांगतांना आम्ही नेहमीं म्हणत असूं कीं, संसारांतील निम्मी दगदग योगाची आणि निम्मी क्षेमाची. आतां उतारवयांत तोच हिशेब पुन्हां मांडून पाहिला, तर क्षेमाचें पारडें फार जड झालेलें दिसतें. वस्तु मिळविणें पूर्वींपेक्षां सोपें झालें आहे. हप्ते बांधून घेतले कीं ती दारांत येऊन उभी राहते. परंतु ती आली कीं तिला आवरण, आवरणाला हमी, आणि हमीला दरवर्षींची तपासणी, अशी मालिका सुरू होते. मोटारगाडीच्या रंगावर चढवावयाचे लेप हा याच मालिकेंतील एक ठळक मणि होय. त्यापायीं आमच्या घरीं पंधरा दिवस जो खल झाला, त्यांतून निघालेलें सार वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण ज्या घरीं नवी गाडी येईल, तेथें हा प्रश्न आल्यावांचून राहणार नाहीं.

आमचें कुटुंब एकत्र आहे. थोरले बंधु आतां हयात नाहींत. वहिनींना चौऱ्याहत्तरावें वर्ष चालू आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें आठवड्यांतून दोनदां त्यांना व्यायामोपचारासाठीं न्यावें लागतें, आणि रिक्षांत चढणें-उतरणें त्यांना फार जड जातें. मुख्यतः याच कारणास्तव आमच्या चिरंजीवांनीं गाडी घेतली. गाडी गडद निळ्या रंगाची, देखणी. ती ताब्यांत घेण्याच्या वेळीं विक्रेत्याच्या माणसानें रंगावर 'सिरॅमिक कोटिंग' करून घेण्याचा आग्रह धरला. किंमत २८,००० रुपये, वर १८ टक्के कर, म्हणजे एकूण ३३,०४० रुपये. "गाडीसाठीं लाखांचा विचार केलात, आतां हजारांसाठीं कां थांबतां?" हा त्याचा युक्तिवाद. चिरंजीव अनुकूल, सूनबाई प्रतिकूल, आणि आम्ही मध्यस्थ. विचार करून कळवितों, असें सांगून आम्ही गाडी घरीं आणली.

पहिल्याच आठवड्यांत वहिनी उतरत असतां त्यांच्या काठीचें लोखंडी टोक दाराला घासलें आणि वीतभर लांबीची रेघ उमटली. "असूं दे, काकू," असें चिरंजीव तत्काळ म्हणाले खरे. परंतु रात्रीं जेवणें झाल्यावर ते विजेरी घेऊन खालीं गेले आणि बराच वेळ त्या रेघेवर उजेड पाडीत बसले. वहिनींनीं तें खिडकींतून पाहिलें. पुढच्या गुरुवारीं निघण्याच्या वेळीं त्या म्हणाल्या, "मी आपली रिक्षानें जातें रे. तुझी गाडी नवी आहे." त्यानंतर दोन खेपा त्या खरोखरच रिक्षानें गेल्या. गाडी खालीं उभी, आणि जिच्यासाठीं ती आणली ती माउली कठड्याला धरून रिक्षाची वाट पाहते, हें दृश्य आम्हांस पाहवेना. चिरंजीवांचें म्हणणें असें पडलें कीं, लेप असता तर हा प्रसंगच उद्भवला नसता. तेव्हां लेप काय करतो आणि काय करीत नाहीं, याचा शोध घेणें प्राप्त झालें. जाणत्या कारागिरांस विचारून व थोडें वाचून जें समजलें, तें क्रमानें देतों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, गाडीचा रंग हा मुळांतच एकावर एक दिलेल्या लेपांचा बनलेला असतो. पत्रा रसायनाच्या हौदांत बुडवून विजेच्या साहाय्यानें त्यावर गंजरोधक थर बसवितात. त्यावर अस्तर, अस्तरावर रंग, आणि रंगावर एक पारदर्शक थर. या सर्वांची मिळून जाडी सुमारें १०० ते १५० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड धरतात. सर्वांत वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनांचा, म्हणजे केसाहूनही बारीक. परंतु ऊन, पाऊस व धूळ यांच्याशीं झुंजण्याचें काम कारखान्यानें त्याच्याकडेच सोंपविलेलें असतें, आणि उन्हांतील अतिनील किरण शोषून घेणारीं द्रव्यें त्यांत मिसळलेलीं असतात. सारांश, विक्रेता जो लेप विकतो तो रंगावरचा नसून लेपावरचा लेप असतो.

मग रंगाला मेण चोळण्याची जुनी चाल कोठून आली? मोटारींच्या आरंभकाळीं रोगण हातानें देत, आणि तें वाळण्यास आठवडेच्या आठवडे जात. १९२४ च्या 'ओकलंड' गाड्यांवर ड्युपाँट कंपनीचें 'ड्यूको' नांवाचें जलद वाळणारें रोगण आलें आणि आठवड्यांचें काम तासांवर आलें. परंतु अशा रोगणांवर पारदर्शक कवच नसे. उन्हानें तीं निस्तेज होत, म्हणून घासून मेण लावणें अगत्याचें असे. पारदर्शक थराची पद्धत १९८० नंतरच्या दशकांत सर्वत्र रूढ झाली आणि ती गरज पुष्कळ अंशीं संपली. गरज गेली, संस्कार राहिला.

आतां सिरॅमिक लेपाचें पाहूं. हा सिलिका व तिच्या जातीच्या संयुगांचा द्रव असतो. तो पारदर्शक थराला घट्ट धरून वाळतो. त्याचे गुण खरे आहेत. पाणी त्यावर न पसरतां मोत्यांसारखें गोळा होऊन ओघळतें, चिखल लवकर सुटतो, चकाकी वाढते, आणि पक्ष्यांची विष्ठा किंवा झाडाचा चीक लागलीच रंगाला भिडत नाहीं. मेण कांहीं आठवडे वा महिने टिकतें, तर चांगला लेप वर्ष-दोन वर्षें किंवा अधिकही टिकतो. परंतु त्याची जाडी असते बहुधा एक-दोन मायक्रॉन! केसाचा पन्नासावा हिस्सा म्हणा ना. काठीच्या लोखंडी टोकाला किंवा ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याला तो काय अडविणार?

येथें विक्रेते 'नऊ एच' नांवाचा मंत्र उच्चारतात आणि ऐकणारास हिऱ्याची आठवण होते. वस्तुस्थिति निराळी आहे. हें माप शिसपेन्सिलींचें आहे. चित्रकलेच्या तासाला मुलें ज्या मऊ व कठीण पेन्सिली वापरतात, त्यांपैकीं अतिशय कठीण अशा ९ एच पेन्सिलीनें ठराविक भार देऊनही ओरखडा उठला नाहीं, इतकाच त्याचा अर्थ. खनिजांचा कठीणपणा मोजण्याचें फ्रीडरिक मोस यांनीं १८१२ सालीं बसविलेलें माप वेगळें. त्यांत हिरा १० वर आणि गारगोटी ७ वर. आपल्या रस्त्यांवरच्या धुळींत याच गारगोटीच्या जातीचे कण असतात, आणि ते पेन्सिलीच्या शिसाहून कितीतरी कठीण. दोन मापांतील आंकडे एकाच पंक्तीला बसविणें म्हणजे शेर आणि कोस यांची बेरीज करणें होय.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट उघड होते. आपल्याकडे रंगाचा खरा शत्रु सकाळचें कोरडें फडकें हाच आहे. गाड्या पुसणारे गृहस्थ पहाटे येतात आणि एकाच बादलींतील पाण्यांत तेंच फडकें बुडवून पंधरा-वीस गाड्या पुसतात. रात्रभर सांचलेली धूळ त्या फडक्याखालीं रंगावर घासली जाते, आणि उन्हांत पाहिलें म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखीं वर्तुळें दिसूं लागतात. लेप असला तरी हें घर्षण चालूच राहतें. आणखी एक गंमत अशी कीं, ज्या मोत्यांसारख्या थेंबांचें एवढें कौतुक, ते जड पाण्याचे असले आणि उन्हांत तसेच वाळले, तर प्रत्येक थेंब क्षारांचें एक कडें मागें ठेवून जातो. विंधणविहिरीचें किंवा टँकरचें पाणी वापरणारांनीं हें विसरूं नये.

हमीचा कागद आम्हीं परीक्षेचे पेपर तपासण्याच्या जुन्या संवयीनें अखेरपर्यंत वाचला. हमी तीन वर्षांची. मात्र प्रतिवर्षीं पदरचे पैसे भरून त्यांच्याचकडे निगा राखून घेतली तर. आणि ओरखडे, खड्यांचे टवके, पक्ष्यांच्या विष्ठेचे व जड पाण्याचे डाग यांस ती लागू नाहीं. ज्यांच्या भयानें लेप घ्यावयाचा, तेच सगळे बारीक अक्षरांत वगळलेले! उरली ती चकाकी.

येथें आम्हांस लहानपणच्या कल्हईवाल्याची आठवण होते. भातें, निखारे, नवसागराचा धूर आणि कापसाच्या बोळ्यानें पातेल्यांत क्षणार्धांत फिरणारी कथलाची चांदी, हें पाहण्यास आम्ही मुलें गोळा होत असूं. तोही लेपच होता आणि त्यालाही वरचेवर पैसे पडत. परंतु कल्हई भांड्यासाठीं नसे. पितळेच्या भांड्यांत आंबट शिजविलें तर तें कळकूं नये, खाणारास बाधूं नये, म्हणून ती असे. लेप कोणाच्या रक्षणासाठीं आहे, हा प्रश्न त्यामुळें महत्त्वाचा ठरतो.

लेप सर्वथा व्यर्थ आहे, असा याचा अर्थ कोणीं करूं नये. ज्याची गाडी बारा महिने उघड्यावर, झाडाखालीं उभी राहते, रंग गडद आहे, गाडी आठ-दहा वर्षें ठेवावयाची आहे आणि धुण्यास सवड थोडी, त्यास सिरॅमिक लेपाचा उपयोग होईल; मात्र तो देण्यापूर्वीं रंग नीट स्वच्छ व निर्दोष करून घेतला पाहिजे, नाहीं तर आधींचे ओरखडे लेपाखालीं बंदिस्त होतात. खड्यांपासून खरें रक्षण पाहिजे असेल, तर पॉलियुरिथेनची पारदर्शक फिल्म मिळते. ती १५० ते २०० मायक्रॉन जाड असते आणि घाव स्वतःवर झेलते. परंतु सबंध गाडीला ती लावणें म्हणजे नाकापेक्षां मोती जड. हमरस्त्यावर नित्य प्रवास करणारानें पुढच्या भागापुरती लावावी. आणि कोंकणकिनाऱ्यावर राहणारांनीं वरच्या चकाकीपेक्षां गाडीच्या तळाकडे लक्ष द्यावें. खारी हवा तळाच्या सांध्यांत आणि चाकांच्या कमानींत शिरते. गंज तेथें धरतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठीं असलेलीं भोंकें चिखलानें बुजूं न देणें हा तर बिनखर्चाचा उपाय आहे.

आमच्या घरचा निर्णय असा झाला. ३३,०४० रुपये तीन वर्षांवर वाटले, तर महिन्यास नऊशेंहून अधिक पडतात. वहिनींना रिक्षानें नेण्या-आणण्यास एका खेपेला सुमारें २०० रुपये पडतात. म्हणजे त्या लेपाच्या किमतींत १६५ खेपा होतील. हा आंकडा सूनबाईंनीं पाटीवर मांडल्याप्रमाणें सर्वांसमोर मांडला आणि चिरंजीव गप्प झाले. लेप घेतला नाहीं. गाडी पुसणाऱ्या गृहस्थांचा पगार तोच ठेवून रोजचें पुसणें बंद केलें. ते आतां आठवड्यांतून दोनदां सांवलींत, आधीं भरपूर पाणी ओतून, मग साबणाच्या आणि निवळ पाण्याच्या अशा दोन निराळ्या बादल्या घेऊन, वरून खालीं गाडी धुतात आणि मऊ कापडानें टिपून घेतात. कावळ्यांचा प्रसाद दिसला, तर ओल्या फडक्यानें तो त्याच दिवशीं काढावा, असा घरांतील सर्वांस दंडक आहे. चार महिन्यांनीं एकदां चिरंजीव व नात मिळून कार्नोबा मेण लावतात. हें ब्राझील देशांतील एका ताडाच्या पानांवरचें मेण. एक सकाळ जाते, आणि बापलेकींच्या गप्पा होतात तो नफा वेगळा.

दारावरच्या रेघेचीही आम्हीं परीक्षा करविली. ओलें बोट फिरवितांच ती दिसेनाशी झाली आणि नख तिच्यांत अडकलें नाहीं. याचा अर्थ घाव वरच्या पारदर्शक थरापुरताच आहे, पत्र्यापर्यंत पोंचलेला नाहीं. तेथें गंज धरण्याचें भय नाहीं. ती घासून घालवितां येईल, पण प्रत्येक घासण्यानें तो केसाहून बारीक थर आणखी झिजतो. म्हणून ती तशीच ठेवली.

राहिला वहिनींचा प्रश्न. त्याला कोणत्याही दुकानांत लेप मिळण्यासारखा नव्हता. चिरंजीवांनीं औषधांच्या दुकानांतून काठीच्या टोकाला बसणारें रबराचें टोपण आणलें, स्वतःच्या हातानें बसविलें आणि म्हणाले, "काकू, उद्यां गुरुवार. साडेनवाला तयार रहा. रिक्षा बोलावलीत तर मी रिक्षावाल्याला परत पाठवीन." वहिनींनीं टोपण दोन-तीनदां फरशीवर आपटून पाहिलें आणि घसरत नाहीं एवढेंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीं त्या गाडींत बसल्या.

तेव्हां वाचकांस आमची सूचना इतकीच कीं, लेपाची किंमत विचारण्यापूर्वीं गाडी कोणासाठीं आणली तें घरांत एकदां मोठ्यानें म्हणावें. मग आपली गाडी कोठें उभी राहते, तिला कोण व कसें धुतें, आणि हमींतून काय काय वगळलें आहे, हें पाहून लेप घ्यावा किंवा न घ्यावा. दोहोंपैकीं कांहींही केलें तरी चार वर्षांत गाडीवर रेघा उठणारच. आमच्या गाडीवर आतां तीन झाल्या आहेत. दुसरी नातीच्या सायकलीची, तिसरी कोणाची तें अद्यापि कळलेलें नाहीं, आणि विजेरी घेऊन तिचा शोध कोणी केलेलाही नाहीं.