उद्यमनगरचं देणं

गाडीतलं मला जे थोडंफार कळतं ते एका माणसाकडून आलेलं आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या एका बोळात, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज आहे. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून इथे नुसतं मिस्त्री म्हणते. तसंही इतकी वर्षं मी त्यांना याच नावानं हाक मारत आले आहे. त्यांच्या कामाचे पैसे मी वेळोवेळी दिले. पण त्यांनी जे शिकवलं त्याचं बिल त्यांनी कधी केलं नाही. त्याबद्दल लिहायचं मनात होतं, ते राहून जात होतं.

२००३ साली मी गारगोटीच्या बाजूला एका कॉलेजात शिकवत होते. मुलगी लहान होती आणि संध्याकाळची एसटी चुकली की घरी पोचेपर्यंत ती झोपलेली असायची. म्हणून सेकंडहँड गाडी घ्यायची ठरली. आमच्या घरात तोवर कुणी चारचाकी घेतलेली नव्हती. सासरे सायकलवर, यजमान स्कूटरवर. गाडी बघायची म्हणजे तिचा रंग बघायचा, एवढंच मला ठाऊक. ओळखीतल्या एका गृहस्थांची १९९७ची मारुती ८०० विकायला होती. पांढरीशुभ्र, चकचकीत. मी मनातल्या मनात ती घेऊनही टाकली होती. शेजारचे काका म्हणाले, "मिस्त्रीला दाखवल्याशिवाय इसार देऊ नकोस."

मिस्त्रींनी आधी बॉनेट उघडलंच नाही. खिशातून जुन्या स्पीकरमधलं गोल लोहचुंबक काढलं, रंगाला चरा पडू नये म्हणून त्याला फडकं गुंडाळलं आणि ते पत्र्यावरून सावकाश फिरवत गाडीभोवती चालू लागले. बॉनेट, फेंडर, दारं. चुंबक सगळीकडे धरत होतं. डाव्या बाजूच्या मागच्या दाराखाली मात्र ते निसटून त्यांच्या हातात आलं. "हितं लांबी भरल्या," ते म्हणाले. म्हणजे पत्र्यावर पुट्टीचा थर होता. मग खाली वाकून त्यांनी मला ब्रेकच्या पेडलचं रबर दाखवलं. ते पार गुळगुळीत झालेलं होतं. मीटरवर आकडा दिसत होता चाळीस हजारांचा. "एवढ्या रनिंगला रबर असं झिजत न्हाई, ताई."

त्यानंतर गाडी चालू करायला लावून ते सायलेन्सरपाशी जाऊन बसले आणि मलाही बसवलं. निळा धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. काळा आला तर पेट्रोल जास्त जळतंय. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ निघते, तिला घाबरायचं नाही. पण गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय. कॉलेजात शिकवणाऱ्या बाईला हे सांगताना त्यांच्या आवाजात कुठेही ‘तुम्हाला काय कळणार’ असा सूर नव्हता. सगळ्यात शेवटी त्यांनी आरसी बुक मागितलं. त्यावर बँकेचा बोजा तसाच होता. "बँकेचं एनओसी आणि पस्तीस नंबरचा फॉर्म हातात आल्याबिगर एक रुपया देऊ नगासा."

"गाडी वाईट न्हाई," ते म्हणाले, "पर सांगितल्यात तेवढ्याची न्हाई." किंमत कमी झाली, बोजा उतरला, गाडी घरी आली. मी पैसे पुढे केले तर त्यांनी फक्त चहा घेतला. काही वर्षांनी माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी ते गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी ती गाडी घेतली असती आणि तिची सगळी दुखणी त्यांच्याच गॅरेजात गेली असती. स्वतःच्या धंद्याविरुद्ध बोलणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्या गाडीवर मी चालवायला शिकले आणि सांभाळायलाही. रेडिएटरमध्ये मी बोअरचं पाणी ओतत असे. त्यांनी एकदा जुन्या रेडिएटरचा कापलेला तुकडा माझ्या हातात दिला. आतल्या बारीक नळ्या पांढऱ्या क्षारानं बुजलेल्या होत्या. तेव्हापासून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. इंजिन गरम असताना टोपण उघडायचं नाही, काटा वर चढू लागला की गाडी बाजूला घ्यायची, ‘घर जवळच आहे’ असं म्हणत दामटायची नाही. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय त्यांनी नुसत्या झिजलेल्या क्लचप्लेटा दाखवून मोडली. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, हेही त्यांनीच दाखवलं. म्हणजे २३१९ असेल तर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातलं टायर. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं.

माझं माहेर वैभववाडीकडचं. गगनबावड्याहून करूळ घाट उतरला की माहेरची हवा लागते. पहिल्यांदा एकटी जाणार म्हटल्यावर मिस्त्रींनी ब्रेक ऑइल बदललं. ते हवेतला ओलावा शोषतं आणि फार तापलं की त्यात वाफ होते, मग पेडल दाबलं तरी ब्रेक लागत नाही, असं त्यांनी समजावलं. मग म्हणाले, "ज्या गिअरात चढला असता त्याच गिअरात उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करू नगासा." घाटात पाऊस लागला. समोरचा ट्रक दिसत नव्हता, चाकाखाली पाणी वाहत होतं, आणि गाडी दुसऱ्या गिअरात स्वतःला आवरून धरत खाली जात होती. आई दारात उभी होती. एकटीनं घाट उतरून आले याचं तिला कौतुक वाटलं. ते कौतुक खरं तर उद्यमनगरला पोचवायला हवं होतं.

मिस्त्री शिकले ते फियाट, अॅम्बॅसॅडर आणि जीपवर, एका उस्तादाच्या हाताखाली. कार्ब्युरेटर त्यांना कानानं लागायचा. कोल्हापूरला अशा हातांची परंपराच आहे. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा याच गावात स्वतः बनवला होता. पण २०००च्या आसपास कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन, आलं, सेन्सर आले, आणि मिस्त्रींच्या वयाच्या पुष्कळांनी हात टेकले. यांनी टेकले नाहीत. एका रविवारी त्यांनी इंग्रजी सर्व्हिस मॅन्युअलची झेरॉक्स माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "एवढं वाचून दाखवता का?" पुढे बरेच रविवार मी वाचत गेले. शब्द मी वाचायचे, अर्थ तेच सांगायचे. ऑक्सिजन सेन्सरचं पान मला तीनदा वाचूनही कळलं नाही. त्यांनी आकृतीवर बोट ठेवून सांगितलं की हा सायलेन्सरातला धूर हुंगतो आणि पेट्रोल कमीजास्त करायला सांगतो, म्हणजे मी नाकानं करतो ते हा तारेनं करतो. मी पदवीच्या वर्गाला शिकवत होते. शिकायचं वय संपत नाही हे पाठ करून सांगत होते. ते मला त्या शेडमध्ये बघायला मिळालं. वर्गात ‘सोपं आहे हे’ असं म्हणणं मी त्यानंतर सोडलं.

२०१०मध्ये नवी गाडी घ्यायची वेळ आली. सगळीकडे डिझेलचं वेड होतं आणि मलाही डिझेल स्विफ्ट हवी होती. तोवर माझी बदली शहरातल्या कॉलेजात झालेली. मिस्त्रींनी मॉडेलबद्दल काही न बोलता विचारलं, "महिन्याचं रनिंग किती?" फार तर ५०० किलोमीटर. त्यांनी ऑइलच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. पेट्रोल ५० रुपयांच्या आसपास, डिझेल ४०च्या. पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर धरली तर महिन्याला साधारण १,६५० रुपये, डिझेल २० धरली तर १,०००. वाचले ६५० रुपये. डिझेल गाडीला लाखभर जास्त मोजायचे, ते वसूल व्हायला तेरा वर्षं जाणार, आणि डिझेलचा मेंटेनन्स वेगळाच. पुढे काही वर्षांनी दोन्ही इंधनांच्या भावातलं अंतर कमी होत गेलं. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलवरचं सरकारी नियंत्रणही गेलं, आणि एप्रिल २०२०पासून मारुतीनं डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. मिस्त्रींना भविष्य ठाऊक नव्हतं. त्यांना माझं रनिंग ठाऊक होतं.

त्यांचा दुसरा प्रश्न मला सुचलाच नसता. "सासूबाईंना शोरूमला नेलं हुतं का?" सासूबाईंचे गुडघे गेलेले. बुटक्या गाडीत त्यांना आधी खाली वाकावं लागायचं आणि उतरताना कुणीतरी ओढून काढावं लागायचं. वॅगनआरची सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला आली. त्या नुसत्या मागे सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "हीच घ्या." शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या खेपांना त्या दर वेळी स्वतःच्या पायानं चढल्या आणि उतरल्या. मॉडेल निवडताना मायलेज आणि डिकीच्या आधी घरातल्या सगळ्यात अडलेल्या माणसाचा विचार करायचा असतो, हे मला त्या प्रश्नानं शिकवलं.

ऑगस्ट २०१९च्या पुराबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. पंचगंगेचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरलं आणि गाडी सीटपर्यंत बुडाली. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. आम्ही नातेवाइकांकडे होतो. पाणी उतरल्यावर सोसायटीतले सगळेच किल्ल्या घेऊन खाली धावले. मी मिस्त्रींना फोन लावला. ते जवळजवळ ओरडलेच, "किल्ली लावूच नगासा! सेल्फ मारू नगासा!" मग आवाज खाली आणून त्यांनी कारण सांगितलं. पिस्टन हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरात पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपतं.

दुपारी ते पिशवी घेऊन चालत आले. चिखलाची रेघ दारावर जिथे उमटली होती तिचे फोटो काढायला लावले, विमा कंपनीला कळवायला लावलं आणि कंपनीचा होकार आल्यावरच पाना काढला. आधी बॅटरीची काळी वायर सोडवली. डिपस्टिक ओढून माझ्यासमोर धरली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. प्लग काढून त्यांनी इंजिन हातानं फिरवलं तेव्हा प्लगच्या भोकांतून गढूळ पाणी उडालं आणि त्यांच्या सदऱ्यावर आलं. ते हसले. "आलं बघा भाईर." ऑइल आणि फिल्टर बदलून पुन्हा बदललं, गिअरचं ऑइल बदललं, सीटा काढल्या, कार्पेट उन्हात टाकलं, कारण वायरिंगचे जोड त्याच्याखाली असतात. आजूबाजूच्या ज्या गाड्या लोकांनी घाईनं सुरू केल्या होत्या त्यांतल्या काहींची इंजिनं उतरवावी लागली. कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात पुराची नुकसानभरपाई मिळते, पण पाणी शिरल्यावर गाडी सुरू केल्यानं इंजिन गेलं तर तो दावा बहुधा नाकारला जातो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. तेही त्यांनीच मला आधी घ्यायला लावलं होतं. वापरायची वेळ आली नाही, कारण त्यांनी ती येऊ दिली नाही.

मजुरी विचारली तर म्हणाले, "लोकांच्या घरात अजून चूल पेटली न्हाई. दिवाळीत बघू." त्या पंधरवड्यात त्यांनी किती गाड्या अशा सोडवल्या ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दिवाळीला मी पाकीट घेऊन गेले तर त्यांनी बिलाएवढे पैसे ठेवून घेतले आणि वरचे परत केले.

गेल्या वर्षी माझ्या गाडीला पंधरा वर्षं झाली. पुन्हा नोंदणी करायची की नवी घ्यायची, हा प्रश्न घेऊन मुलगी आणि मी दोघी गेलो. आता गॅरेज त्यांचा मुलगा बघतो, स्कॅनर लावतो. मिस्त्री खुर्चीवर बसून असतात. तरी उठले, टॉर्च घेऊन गाडीखाली गेले, चासीला कुठे गंज धरलाय का ते ठोकून पाहिलं, पेट्रोलचे जुने रबरी पाइप नव्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला टिकतील का याची शंका आली म्हणून बदलायला सांगितले. मग माझ्या मुलीला विचारलं, "तू कुठं चालवणार?" ती पुण्यात नोकरी करते, हायवेनं ये-जा करते. "मग तुला ही नगं. हिला एअरबॅगा न्हाईत. गावात आईला चालवू दे. तू गाडी घेशील ती आधी टक्करीत किती स्टार मिळाल्यात ते बघून घे, मग रंग बघ." गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या भारत एनकॅपच्या चाचण्या २०२३पासून सुरू झाल्या आहेत हे त्यांना ठाऊक होतं. मुलीनं त्याप्रमाणेच गाडी घेतली. मी माझीची पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी केली.

एक विनंती आहे. स्पेअर पार्टच्या छापील किमतीवर आपण कुणी हुज्जत घालत नाही, मजुरीच्या आकड्यावर घालतो. तुमच्याही गावात असा एखादा मिस्त्री असेल. त्यानं सांगितलेली मजुरी घासाघीस न करता, त्याच दिवशी द्या.