रमाबाईंचा मतांगीकार

चर्चचा इतिहास आणि धर्मसिद्धांत हा माझा विषय. लग्नकार्यात कुणाला हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे धर्मांतरावर लिहिता का?’ महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती इतिहासाविषयी आपलं कुतूहल कुणी कधी बाप्तिस्मा घेतला आणि मिशनऱ्यांनी किती शाळा-दवाखाने काढले एवढ्यावर थांबतं. बाप्तिस्मा घेणाऱ्या माणसानं नेमकं काय मान्य केलं आणि काय नाकारलं, हे विचारायचं राहूनच जातं. मी आयुष्यभर याच प्रश्नाच्या मागे लागून लिहीत आलो, आणि त्यात सर्वांत जास्त गुंतवलं ते पंडिता रमाबाईंनी.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी आपल्या लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथून वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो माझ्या मते मराठी माणसानं ख्रिस्ती सिद्धांतांशी केलेला सर्वांत कडाक्याचा वाद आहे. पत्राची सुरुवात ‘आजीबाई’ अशा लाडक्या संबोधनानं व्हायची आणि आत मात्र त्रैक्यावर, ख्रिस्ताच्या देवत्वावर, कुमारीच्या पोटी झालेल्या जन्मावर एकामागून एक हरकती. मनोरमेच्या शिक्षणाचा निर्णय कुणी घ्यायचा आणि रमाबाईंनी पुरुषांना शिकवावं की नाही, यावरही खटके उडाले. या दुसऱ्या प्रकरणात तर मुंबई आणि लाहोर इथले बिशपही पडले. चरित्रांतून हे वाद आवर्जून येतात. सिद्धांतांचा भाग दोन ओळींत उरकला जातो.

अथनेशियसच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मतांगीकाराचंच, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीच्या मजकुराचंच, बघा. तो अथनेशियसचा नव्हे. अथनेशियस ३७३ साली वारला. हा मजकूर त्याच्या नंतरचा आणि मुळात लॅटिन. त्रैक्याची व्याख्या करता करता, जो हे मानणार नाही त्याचा सर्वनाश ठरलेला, असं तो ठणकावून सांगतो. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकानुसार नाताळ, ईस्टर अशा ठरावीक सणांना तो उपासनेत म्हणायचा असे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण हे मान्य केलेलं नाही, आणि बायबलमध्ये नसलेल्या गोष्टीला मान तुकवणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. जेराल्डिनबाईंना त्यात गर्व दिसला.

पण त्याच्या दहा-बारा वर्षं आधी खुद्द इंग्लंडमध्ये याच मजकुरावरून रान पेटलं होतं. वेस्टमिन्स्टरचे डीन स्टॅन्ली यांना तो उपासनेत सक्तीनं म्हणायला लावणं पसंत नव्हतं. ऑक्सफर्डचे पुसी त्याला हात लावाल तर पद सोडीन म्हणून बसले होते. वाँटेजच्या सिस्टर पुसींच्या परंपरेतल्या. जी शंका घेणारा इंग्रज डीन फार तर उदारमतवादी ठरे, तीच शंका घेणारी नवख्रिस्ती हिंदू विधवा उद्धट ठरली. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी वादसभांत वाढलेली, कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ पदवी मिळवून आलेली. समोरच्याकडे प्रमाण मागणं हा तिच्या लेखी अनादर नव्हताच. कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांना हे उमगलं होतं. हिला आज्ञा देऊन भागणार नाही, तिच्या बुद्धीला पटलं पाहिजे, अशा अर्थाचं त्या वडीलधाऱ्यांना कळवीत राहिल्या.

चर्चच्या इतिहासात काम करणाऱ्याला हरलेल्या बाजूचे कागद क्वचितच मिळतात. ३२५ साली निकेयाच्या धर्मपरिषदेनं एरियसला पाखंडी ठरवलं; पुढे सम्राट कॉन्स्टंटाइननं त्याचं लिखाण जाळण्याचं फर्मान काढलं. ‘थालिया’ नावाच्या त्याच्या रचनेतलं जे काही आपल्या हाती आहे, ते मुख्यतः त्याचा कट्टर विरोधक अथनेशियस यानं खोडून काढण्यासाठी उद्धृत केलं म्हणून. रमाबाईंची पत्रंही विरोधी बाजूनंच राखली. सिस्टर जेराल्डिन यांनी ती जमवली, त्यांवर टिपणं लिहिली, आणि त्या टिपणांत रमाबाईंचा हट्टीपणा दाखवायला त्या विसरल्या नाहीत. तरी पत्रं त्यांनी सांभाळली, आणि माझ्या लेखी त्यांचे बाकी सगळे शेरे यापुढे माफ आहेत. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं अ. भि. शहा यांच्या संपादनात ती इंग्रजीत छापली. तिथे रमाबाईंचं म्हणणं तुटक अवतरणांत नाही, अख्ख्या पत्रांत सापडतं. एरियसच्या अभ्यासकाला हेवा वाटावा अशी ही चैन आहे.

१८८६च्या सुरुवातीला आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि हा वाद अर्ध्यावर राहिला. पुढे १८९०च्या दशकात त्यांची श्रद्धा पालटली. ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीच्या शंका मावळल्या, प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या प्रवाहाकडे त्या ओढल्या गेल्या. सुधारणेच्या चष्म्यातून त्यांना वाचणाऱ्यांना इथे अवघडल्यासारखं होतं, आणि मग केडगावच्या आश्रमातल्या रमाबाईंना म्हातारपणच्या भाविक ठरवून ते मोकळे होतात. मला हे पटत नाही. निष्कर्ष बदलले, रीत तीच राहिली. ग्रंथात काय आहे ते स्वतः पाहीन, हा चेल्टनहॅममधला आग्रह त्यांनी केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकून तडीस नेला. संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ १९२४ साली निघाला. रमाबाईंच्या शाळेवर, आश्रमावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं. पण चेल्टनहॅमची पत्रं एका हाताशी आणि हे भाषांतर दुसऱ्या हाताशी ठेवून, कुठल्या शंकेचं पुढे काय झालं हे वचनागणिक तपासायचं काम अजून कुणीतरी अंगावर घ्यायला हवं.