सोमेश्वरची वाट आणि सायकलीचा साज

वाचकहो, हिवाळ्यात आपण कधी नाशिकला आलात, तर एक सकाळ गंगापूर रोडसाठी राखून ठेवा. उजाडण्यापूर्वीच अशोकस्तंभापासून पश्चिमेकडे सायकलस्वार निघालेले दिसतात. त्यांत महाविद्यालयीन मुले असतात, दवाखाना उघडण्यापूर्वी व्यायाम उरकणारे डॉक्टर असतात आणि कानांना मफलर गुंडाळलेले माझ्यासारखे निवृत्त गृहस्थही असतात. रस्ता गोदावरीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, गंगापूर धरणाकडे जातो. सोमेश्वर साधारण सात-आठ किलोमीटरवर आणि धरण त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर आहे.

या शहराला सायकलचे वेड आहे आणि त्याला कारणही आहे. येथील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघातून पूर्ण केली. अशा गावात सायकलच्या दुकानात शिरणे हा ज्येष्ठांसाठी मोहाचा प्रसंग असतो. भिंतीवर टांगलेली प्रत्येक वस्तू हलकी, चकचकीत आणि वेगवान असते. आपल्याला काय हवे, हा प्रश्न मात्र दुकानात सुटत नाही. तो रस्त्यावर सुटतो. मला हे उशिरा कळले आणि त्याची किंमत मनगटाने मोजली.

जेहान सर्कल : थांबता येणे

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ६६व्या वर्षी, एका उत्साही पुतण्याच्या आग्रहावरून मी बूट अडकवायची पायडले बसवून घेतली. बुटाचा तळ त्यांत खटकन बसतो. टाच बाहेर वळवली की सुटतो. तरुण पायांना ही सवय लवकर होते. एका सकाळी जेहान सर्कलचा सिग्नल लाल झाला. मी थांबलो, पण टाच वळवायचे आठवेपर्यंत सायकलसह उजव्या अंगावर कलंडलो होतो. वेग शून्य होता, तरीही मनगटाचे हाड मोडले.

सहा आठवडे प्लास्टर होते. उभ्या उंचीवरून पडून साठीनंतर हाड मोडले, तर हाडांची घनता तपासून घ्यावी, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितले आणि ते फार मोलाचे ठरले. त्या आठवड्यांत हाताहून जड झाले ते घरातले मौन. मुलाने सायकल जिन्याखाली लावून कुलूप घातले. सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत. मी सकाळी पाचला जागा होई आणि छताकडे पाहत पडून राही. भूक मंदावली, झोप विसकटली, चिडचिड वाढली.

अखेर सूनबाईंनी किल्ली माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, “बाबा, सायकल विकायची की सुधारायची, हे आपण दोघे रस्त्यावर जाऊन ठरवू. पण डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. आणि तोवर दुकानात पाऊल टाकायचे नाही.” डॉक्टरांनी रक्तदाब, तोल आणि दृष्टी तपासून होकार दिला. मग मी सायकलवर, त्या स्कूटरवर आणि त्यांच्या पिशवीत एक वही, असा आमचा प्रवास सुरू झाला. रस्ता जे मागेल, ते वहीत लिहायचे.

पहिली नोंद याच चौकात झाली : साधी, सपाट, खरखरीत पृष्ठभागाची पायडले. दुसरी नोंद सीटच्या उंचीची. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय जवळजवळ सरळ व्हावा, हे सर्वसाधारण माप. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात. फार वर असेल तर थांबताना पाय जमिनीला पुरत नाही. मी थांबण्यापूर्वी सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकण्याचा सराव सोसायटीच्या आवारात आठवडाभर केला. ज्यांना पाय उंच उचलून दांड्यावरून नेणे अवघड जाते, त्यांनी खालच्या दांड्याची सायकल घ्यावी. त्यात कमीपणा मुळीच नाही.

आनंदवल्ली : पकड

पुढे आनंदवल्ली लागते. राघोबादादा पेशव्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या नावावरून हे नाव पडले. नदीकाठी नवश्या गणपतीचे देऊळ आहे. मुख्य रस्ता सोडून तिकडे वळलात, की उतारावर ब्रेकची परीक्षा होते. मी दोन्ही मुठी आवळल्या, तरी सायकल हवी तिथे थांबेना. ब्रेकचे रबर झिजून त्यावरच्या खाचा पुसल्या गेल्या होत्या. काही शे रुपयांत नवे रबर बसले. बहुतेक रोडसायकलींच्या ब्रेकच्या दांड्या हँडलच्या जवळ आणता येतात. बोटे आखूड असतील किंवा संधिवाताने आखडलेली असतील, तर हे काम मेकॅनिककडून आवर्जून करून घ्यावे.

याच भागात टायरचीही नोंद झाली. माझे टायर २५ मिलिमीटर रुंदीचे आणि दगडासारखे फुगवलेले होते. वाळू पसरलेल्या वळणावर ते निसटत आणि प्रत्येक गतिरोधकाचा दणका थेट मनगटात जाई. फ्रेममध्ये जागा आहे, याची खात्री करून आम्ही ३२ मिलिमीटरचे टायर घातले आणि त्यांत हवा कमी ठेवली. किती हवा चालते, त्याची मर्यादा टायरच्या बाजूलाच छापलेली असते. माझ्या मते सर्व बदलांत शरीराला सर्वाधिक सुख याच बदलाने दिले. हँडल थोडे वर घेतल्यावर मान आणि तळहातांवरचा भार हलका झाला. करंगळीला येणाऱ्या मुंग्या गादीदार हातमोज्यांनी थांबल्या.

सोमेश्वर : विसावा

सोमेश्वराच्या देवळाबाहेर सायकल लावून घटकाभर बसा. जवळच गोदावरी खडकांवरून कोसळते. पावसाळ्यात पाणी दुधासारखे फेसाळते, म्हणून त्या धबधब्याला दूधसागर म्हणतात. हिवाळ्यात पाणी कमी असले, तरी गारवा तितकाच असतो.

येथे वहीत पाणी लिहिले गेले. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट पाहू नये. बाटली दांड्यावरच्या जाळीत हवी. पण चालत्या सायकलवर वाकून ती काढण्याचा खेळ ज्येष्ठांनी करू नये. थांबावे, पाय टेकावा आणि मग प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याचे बंधन आहे, त्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी. नाव, घरचा दूरध्वनी, रक्तगट आणि चालू औषधे लिहिलेले कार्ड सर्वांनीच जवळ बाळगावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्याचा किरकोळ मारही दुर्लक्षू नये.

हेल्मेट घेताना रंग नव्हे, माप पाहा. ते भुवयांच्या वर दोन बोटे, आडवे बसावे. पट्टे कानांखाली जुळावेत. हनुवटीखाली जेमतेम एक बोट जावे. जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून धड दिसले, तरी बदलावे.

धरणाकडे : चढ

सोमेश्वरानंतर वस्ती विरळ होते, द्राक्षबागा दिसू लागतात आणि अधूनमधून चढ येतो. पूर्वी येथे मी उभा राहून पायडल मारी आणि संध्याकाळी गुडघ्यांना शेक देई. मेकॅनिकने मागच्या चाकाची दातेरी चक्रे बदलली : सर्वांत मोठे चक्र २८ दात्यांचे होते, ते ३४ दात्यांचे झाले. त्यासाठी चेनही लांब घ्यावी लागली आणि मागचे गिअर सरकवणारे यंत्रही बदलावे लागले. हा खर्च आधी विचारून घ्यावा. आता चढावर वेग कमी असतो, पण पाय हलके फिरतात आणि दोन वाक्ये बोलण्याइतका श्वास उरतो. तेवढा श्वास उरत नसेल, तर उतरून चालावे. छातीत दडपण किंवा चक्कर जाणवली, तर तेथेच थांबून मदत मागावी.

मागून येणाऱ्या वाहनाकडे मान वळवून पाहताना तोल जातो, म्हणून हँडलला छोटा आरसा लावला. मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा आणि ठणठणीत घंटी, एवढ्यावर वही संपली. हलकी चाके आणि महागडी फ्रेम यांचे नावही तीत आले नाही. शर्यतीचा साज वेळ वाचवण्यासाठी असतो. आपला साज घरी परतण्यासाठी असतो.

घरात ज्येष्ठांची काळजी वाहणाऱ्या वाचकांना एक विनंती. पडलेल्या माणसाच्या सायकलीला भीतीपोटी कुलूप लावावेसे वाटणे स्वाभाविक आहे. काही वेळा डॉक्टरही तेच सांगतील आणि ते ऐकावे लागेल. पण तो निर्णय त्यांच्या पाठीमागे होऊ नये. एकदा त्यांच्याबरोबर त्या रस्त्यावर जा आणि वही सोबत घ्या.

पहिल्यांदा धरणापर्यंत जाऊन परतलो, त्या दिवशी सौभाग्यवती दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी माझे मनगट पाहिले, मग सायकलीकडे पाहिले. जिन्याखालची किल्ली त्यांनी स्वतःच खिळ्याला अडकवली आणि विचारले, “उद्या किती वाजता निघणार? तेवढ्यात चहा टाकते.”