सुप्याची जीप

माझे आजोळ पाण्याखाली आहे. हे वाक्य मी आजवर अनेकांपाशी उच्चारले आहे आणि ऐकणाऱ्याला ते अलंकारिक वाटते, हेही पाहिले आहे. त्यात अलंकार काही नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर सुपे नावाचे तालुक्याचे गाव होते. काळीवर १०१ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले, ते १९८७ साली पुरे झाले आणि गाव जलाशयात गेले. तालुक्याची कचेरी जोयड्याला हलली, तालुकाही जोयड्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि सुपे हे नाव मुख्यतः धरणाकडे उरले. माणसे रामनगरला वसवण्यात आली. बेळगावहून खानापूर, लोंढ्यामार्गे अनमोड घाटाने गोव्यात उतरणारा प्रवासी जिथे चहाला थांबतो, तेच हे रामनगर.

हा सारा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. माझ्या आईचे लग्न त्याच्या आदल्या वर्षी झाले. ती सुप्याहून कोल्हापूरला आली तेव्हा एका राज्यातल्या एका गावाहून दुसऱ्या गावी आली होती. माहेर परराज्यात गेले ते मागाहून, आणि पाण्यात गेले ते त्याच्याही मागाहून. आम्हा भावंडांच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या सुप्याला गेल्या. काजूच्या बोंडांचा तो आंबूस, गळ्याशी येणारा वास मला अजून कुठेही ओळखता येतो.

मामांना अपत्य नव्हते. गेल्या वर्षी श्रावणात ते गेले, आणि त्यांच्या मृत्युपत्रात माझ्या नावे एकच वस्तू निघाली. मजकूर त्यांच्याच हातचा, तीन वाक्यांचा. जीप भाच्यास द्यावी. त्याने ती ठेवावी अथवा विकावी. मात्र विकण्यापूर्वी एकदा सुप्यास नेऊन आणावी.

महसूल खात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाचे डोळे असा मजकूर वाचताना आधी शब्दांवर अडखळतात. ही अट की इच्छा? अट असेल तर ती पाळता येण्याजोगी हवी. जे गाव नकाशावर निळ्या रंगाने भरलेले आहे तिथे गाडी न्यायची कशी? इच्छा असेल तर कायद्याने ती बंधनकारक नाही. हे सारे मी मनाशी नीट मांडले आणि त्याचा काहीच उपयोग झाला नाही.

जीप म्हणजे महिंद्रांची, विलीजच्या नमुन्याची, उंच बॉनेटची पेट्रोल गाडी. कारखान्याच्या भाषेत सीजे-३बी. अमेरिकेत ही जात १९६८ साली बंद झाली, आपल्याकडे मात्र पुढेही कितीतरी वर्षे बनत राहिली. मामांनी ती मोबदल्याच्या शेवटच्या हप्त्यातून घेतली, सरकारी लिलावातून. सुप्यात धरणाच्या मोजणीला येणारे साहेब ज्या जीपमधून येत तीच ही, अशी घरात एक दंतकथा होती. नोंदणी पुस्तकावरून ती सिद्ध होत नाही, आणि मामांनी ती कधी खोडलीही नाही. बाकी भावंडांनी कुणी खानापुरात घर बांधले, कुणी मुलींची लग्ने उरकली. भाताची जमीन देऊन लोखंड घेतले, असे आजी अखेरपर्यंत म्हणत राहिली.

तो मोबदला १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालचा. पुढे नोकरीत मी काही वर्षे भूसंपादनाच्याच टेबलावर काढली, त्यामुळे त्याची कलमे मला पाठ होती. बाजारभाव धरायचा तो कलम ४ ची अधिसूचना निघाल्या दिवसाचा. त्यावर, संपादन सक्तीचे म्हणून, १५ टक्के दिलासा रक्कम. १९८४ च्या दुरुस्तीने ती ३० टक्के झाली, आणि २०१३ च्या नव्या कायद्याने १०० टक्के. मामांचा निवाडा पंधरा टक्क्यांच्या काळातला. पण माझी नजर नेहमी थबकत असे ती कलम २४ पाशी. मोबदला ठरवताना कोणत्या गोष्टी विचारात घ्यायच्या नाहीत त्यांची तिथे यादी आहे, आणि जमीन सोडण्याविषयी मालकाची नाखुशी ही त्यातली एक बाब. म्हणजे कायदा करणाऱ्यांना नाखुशी असते हे पुरते ठाऊक होते. ती मोजायची कशी, हा प्रश्न त्यांनी ती वगळून सोडवला. प्रशासनाच्या दृष्टीने दुसरा मार्ग नव्हता असे माझे आजही मत आहे. नाखुशीचे रुपये करू लागलो तर एकही निवाडा कधी पुरा होणार नाही. मामांशी मात्र या विषयावर मी कधी बोललो नाही. तेही बोलले नाहीत. जीपविषयी तासन् तास बोलत.

बोलण्यासारखे तिच्यात होतेही. तिला तीन दांडे. एक नेहमीच्या गिअरचा, दुसरा पुढच्या चाकांना जोर देणारा, तिसरा त्या जोराची संथ आणि जलद अशी पट्टी बदलणारा. पुढचा गिअर लावल्याशिवाय संथ पट्टी पडत नाही. पडली की गाडी बैलाच्या चालीने पण हत्तीच्या बळाने चालते. पहिला गिअर टाकायचा तर गाडी जवळजवळ थांबवावी लागते, नाहीतर दाते कुरकुरतात. आणि पुढचा गिअर घालून कोरड्या डांबरी रस्त्यावर चालवायची नाही. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. चिखलात चाक घसरून तो फरक भरून काढते, डांबर घसरू देत नाही, आणि मग सारा ताण आतल्या दातांवर येतो. मामा हे एखाद्या व्रताच्या नियमासारखे सांगत.

पावसाळ्यात जोयडा तालुक्यातल्या कितीएक वाड्या चार-चार महिने तुटत. ओहोळ भरले की बस येत नसे. मामा तेव्हा आजारी माणसे, बाळंतिणी, कधी लोंढा स्टेशन गाठायची असलेली परीक्षेची मुले या जीपमधून बाहेर काढत. भाडे घेत नसत, पेट्रोलचे पैसे घेत. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने हा भेद अगदी पुसट आहे, पण त्यावर मामांशी वाद घालण्याची माझी कधी छाती झाली नाही.

वाहनाचा वारसा मिळाल्यावर तीस दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवावे लागते, आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून हस्तांतर मागावे लागते. कागद मी वेळेत केले. कागद ही आमच्या हातची गोष्ट. गाडी मात्र पाचसहा वर्षे शेडमध्ये उभी होती. खानापूरच्या मिस्त्रीने दोन महिने घेतले. ब्रेक चारही चाकांना जुन्या ड्रमचे, त्यांची सारी रबरे गेलेली. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदाही त्याने बदलला. "काका, आताच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आहे, जुनं रबर खातंय ते," तो म्हणाला. निघताना त्याने एक जुने फडके आणि पाण्याची बाटली दिली. उन्हात पेट्रोलची वाफ नळीत अडकून इंजिन बंद पडले तर पंपावर ओले फडके ठेवायचे.

दरम्यान पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी फोन करून जीपला किंमत सांगितली. ती ऐकून मी दोनदा विचारले. जुन्या जीपांना आता असे चाहते आहेत, त्या नव्यासारख्या करून रविवारी मिरवतात. मी एप्रिलअखेर कळवतो म्हटले.

नोकरीत जीप मला नवी नव्हती. पण मी बसत असे डावीकडे. उजव्या बाजूला बसून ते थोरले, किंचित सैल सुकाणू हाती धरले तेव्हा पेट्रोलची टाकी आपल्याच बुडाखाली आहे ही जाणीव काही केल्या जाईना. डाव्या बाजूला मामी येऊन बसल्या. मी त्यांना चला म्हटले नव्हते. वय ब्याऐंशी, हातात पिशवी, पिशवीत डबा. "मी येते," एवढेच म्हणाल्या.

रामनगर सोडले की जगलबेटपर्यंत रस्ता झाडांतून जातो. साग, ऐन, किंदळ, मध्येच बांबूची बेटे. एप्रिलात सागाची पाने झडलेली असतात, त्यामुळे जंगल उघडे, धुळकट दिसते. फोटोवाल्यांना ते आवडत नाही, मला आवडते, झाडांचे उभे राहणे दिसते. चाळीसच्या पुढे काटा न्यायचा नाही असे मी ठरवले होते, आणि गाडीचेही मत तेच होते. गणेशगुडीच्या अलीकडे एक धनेश डोक्यावरून गेला. पंखांचा आवाज इंजिनावर ऐकू आला यावरून तो किती मोठा ते समजावे.

गणेशगुडी आता पर्यटकांचे गाव आहे. धरणातून पाणी सोडले की खाली काळीत रबरी होड्या चालतात. सुप्याचे वीजगृह १०० मेगावॉटचे, पण त्याच पाण्यावर खाली नागझरीला त्याहून कितीतरी मोठे वीजगृह चालते. पुढे कोडसळ्ळी, कद्रा. दिग्गीजवळ उगम पावून कारवारला समुद्रास मिळेपर्यंत ही नदी जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही, आणि या १८४ किलोमीटरांत तिला मोकळेपणाने वाहायला फार थोडी जागा ठेवली आहे. भोवतालच्या अरण्याला २००७ मध्ये दांडेली-अणशी या नावाने व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, २०१५ मध्ये त्याला काळीचे नाव देण्यात आले. नदीचे नाव वाघांना मिळाले, याचे मला बरे वाटते.

जोयड्याच्या अंगाला मुख्य रस्ता सोडून, गावकऱ्यांच्या वहिवाटीच्या एका गाडीवाटेने खाली जायचे होते. वाडीशी थांबून एका तरुण कुणब्याला वाट विचारली. त्याने माझ्याकडे पाहिलेच नाही, जीपकडे पाहिले, मग मामींकडे. "रामनगरच्या आजोबांची न्हवं ही?" पावसात ही गाडी आली की आम्ही पोरे मागे धावत असू, असे तो सांगत होता. घरात जाऊन त्याने कोकमाचे सरबत आणले, आणि मामींच्या पिशवीत, नको नको म्हणत असताना, कोनफळाचा एक मोठा गड्डा घातला. अलीकडे जोयड्याला या कंदांचा मेळा भरतो आणि शहरांतली माणसे ते पाहायला येतात, हे तो मोठ्या नवलाने सांगत होता.

तिथून पुढे मी खाली उतरून वाट पाहिली, मग पुढचा गिअर घातला, संथ पट्टी टाकली. गाडीचा सूर बदलला. ब्रेकला पाय न लावता ती आपली आपण, इंजिनाच्या आधारावर, तांबड्या मातीच्या उतारावरून पावलापावलाने उतरली. वाट एका जुन्या रस्त्याला मिळाली. दोन्ही कडांना दगड लावलेला, चांगला रुंद रस्ता. आणि तो सरळ जाऊन पाण्यात शिरत होता. उन्हाळ्याने पाणी मागे हटले होते, त्यामुळे काठाची तांबडी पट्टी उघडी, आणि तिच्यावर वठलेल्या झाडांचे काळे बुंधे.

मी गाडी थांबवली. यापुढे जाता येत नाही, एवढे समाधान मला पुरेसे होते. मामी उतरल्या, काठापर्यंत गेल्या. त्या बोट करून गाव दाखवतील, इथे देऊळ, इथे घर, असे मला वाटले होते. त्या बराच वेळ पलीकडच्या डोंगराकडे पाहत राहिल्या.

"डोंगर बुटका झालाय," त्या म्हणाल्या.

खरेच होते ते. डोंगर जागचा हलला नव्हता, पायथा तेवढा बुडाला होता. मला त्या डोंगराचा सबंध आकार आठवेना. त्यांना आठवत होता.

"मामा यायचे इथे?"

"दर वर्षी. पाणी उतरलं की."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला? पाणी काय, रामनगरात नळालाही येतं."

डब्यात भाकरी आणि लसणाची चटणी होती. जीपच्या सावलीत बसून आम्ही जेवलो. पाण्यावर वारा नव्हता. मामींनी एकदाच उठून रस्त्याच्या कडेचा एक दगड पायाने हलवून पाहिला. पक्का होता.

परतताना चढ. उतरताना जो साधा वाटला तो आता बॉनेटपलीकडे भिंतीसारखा उभा होता. मी पहिला गिअर घातला, आणि काय मनात आले कुणास ठाऊक, तेवढ्यात विचारले, "मामी, पुण्याचे एक गृहस्थ गाडी मागताहेत. देऊन टाकू का?"

"आधी चढू दे तिला," मामी म्हणाल्या. "आणि मध्ये दुसरा टाकू नको. ते टाकत नसत."

उभ्या जन्मात त्यांनी सुकाणूला हात लावलेला नाही. पण अर्ध्या चढावर, इंजिन मोकळे झाल्यासारखे वाटून माझा हात दांड्याकडे गेला तेव्हा त्यांनी नुसता तळवा वर केला, आणि मी हात मागे घेतला. गाडी खडे उडवत, न घसरता वर आली. वाडी मागे पडली. तो तरुण दारात उभा होता, त्याने हात केला. मुख्य रस्त्याला लागलो, चाकांखालचा आवाज बदलला, आणि मी काही करायच्या आत मामी समोर पाहत म्हणाल्या,

"आता पुढचा गिअर काढ. डांबर आलं."